पट्टा विकत मिळतो, जोडीदार मिळत नाही

गेल्या रविवारी सकाळी पोहे खात बसलो होतो, तेवढ्यात लातूरहून चुलतभावाने फोटो पाठवला. पुतणी, वय वर्षं १५, पांढराशुभ्र इस्त्रीचा ड्रेस, कमरेला काळा पट्टा, हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, आणि शेजारी हार घातलेले कुणीतरी पुढारी. खाली भावाने लिहिलेलं, "आपली पोरगी कुंग फू मधे ब्लॅक बेल्ट. दीड वर्षात! आता हिला कुणाच्या बापाची भीती नाही." त्याखाली सगळ्या खानदानाचे अंगठे, फुलं आणि दोन वाघ.

मीही एक अंगठा दाखवून गप्प बसायला पाहिजे होतं. बायको म्हणालीच, "अभिनंदन लिहा आणि पोहे संपवा." पण खोड जात नाही. मी पुतणीला फोन लावला, अभिनंदन केलं आणि विचारलं, "जोडीदार कोण आहे गं तुझा क्लासमधे?"

"म्हणजे काय काका?"

"म्हणजे तू लढतेस कुणाबरोबर?"

"कुणाबरोबरच नाही. आम्ही चाळीस जण रांगेत उभे राहतो अन् सर सांगतात तसं करतो. खरं खरं मारलं तर लागतंय ना काका!"

दीड वर्ष. सहा पट्टे. प्रत्येक पट्ट्याची परीक्षा, परीक्षेची फी, पट्ट्याचे वेगळे पैसे, फोटोचे वेगळे. आणि दीड वर्षात या मुलीला एकाही माणसाने एकदाही धक्का मारलेला नाही. येत्या जूनमधे ती अकरावीला आणि नीटच्या तयारीला नांदेडला होस्टेलवर जाणार आहे, आणि तिच्या बापाची अशी पक्की समजूत आहे की आता हिला कुणाची भीती नाही.

मग मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "तुला काय करायचंय बे? पोरगी खूष हाय, तिची माय खूष हाय. तू पुण्यात बसून ज्ञान पाजळायलास." फोन ठेवला गेला. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. त्याने वाचलं तर वाचलं.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: ज्या क्लासमधे जोडीदार नाही तिथे लढाई शिकवली जात नाही, कवायत शिकवली जाते. कवायत वाईट नाही. पण कवायतीला कुंग फू म्हणून विकणं, आणि वर मुलीला "आता तू सुरक्षित आहेस" असं सांगणं, हा धडधडीत खोटेपणा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण टिकोजीराव? सांगतो. १९९६ ते २००० मी नांदेडला इंजिनिअरिंग करत होतो. वजिराबादेत एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर पहाटे साडेपाचला कुंग फूचा क्लास भरायचा. एंटर द ड्रॅगन (१९७३) मी तोवर व्हिडिओ पार्लरमधे चार वेळा पाहिलेला, त्यामुळे पहिल्याच दिवशी हवेत उडायला मिळेल अशी अपेक्षा होती. पाच महिने घोडा झाला. म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून, मांड्या थरथरेपर्यंत नुसतं उभं राहायचं. मास्टर सज्जन होते पण कमी बोलायचे, आणि त्यांचं लक्ष बरंचसं पुढच्या रांगेवर. आम्ही मागच्या रांगेतले. म्हणून मी जे काही शिकलो ते मागच्या रांगेतल्या बाकीच्या तिघाचौघांकडून.

पहिला, देगलूर नाक्याजवळ गॅरेजमधे काम करणारा एक मुलगा. आठवी नापास. सहाव्या महिन्यात आम्हाला जोड्या लावून दिल्या तेव्हा त्याने माझ्या नाकावर असा ठोसा दिला की मला गोदावरी उलटी वाहताना दिसली. रक्त आलं. तो स्वतः धावत खाली जाऊन रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन आला. आणि बर्फ धरून म्हणाला, "तू डोळे मिटायलास. मी हात उचलला की तू मिटायलास."

विचार करा. पाच महिने मी आरशासमोर, मास्टरांसमोर, मित्रांसमोर ठोसे मारले. माझी ढब छान आहे असं सगळे म्हणायचे. समोरून हात आला की माझे डोळे मिटतात हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. कळणार कसं? समोरून हात कधी आलाच नव्हता. ही गोष्ट फक्त मारणाऱ्यालाच दिसू शकते.

दुसरा, एक सरदारजी. त्याचं घर गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत. हा लहानपणापासून गतका खेळलेला. नांदेडकरांना गतका सांगायला नको. होला महल्ल्याला आणि दसऱ्याला हजूर साहिबची मिरवणूक निघते तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं. इतरांसाठी: एका हातात सोटी, दुसऱ्या हातात फरी नावाची छोटी ढाल, आणि समोर तसाच सज्ज दुसरा माणूस. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमधे हा खेळ होता. हा पठ्ठ्या कुंग फूमधे आमच्याहून नवखा, पण त्याला हात लावणं अशक्य. तो मागे सरकायचा तो नेमका वीतभर. जास्त नाही, कमी नाही. मी विचारलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, "सोटी लागली की कळतंय." बस्स. अंतर नावाची गोष्ट पुस्तकात नसते, ती नडगीवर शिकतात.

तिसरी, क्लासमधली एकुलती एक मुलगी. नर्सिंग करत होती. आम्ही पोरं फार सभ्य. तिच्याबरोबर जोडी लागली की ठोसा चेहऱ्यापासून फूटभर आधी थांबवायचा, तिने ढकललं की आपणच मागे पडायचं. दोन महिने तिने सहन केलं. एक दिवस हात खाली सोडून सगळ्यांसमोर म्हणाली, "मारायलास का माश्या हाकलायलास? बाहेर जो येणार हाय तो असा थांबणार हाय का? मला खोटं शिकवू नकोस."

तीस वर्षं होत आली, ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आम्ही दया दाखवत होतो आणि त्या दयेने तिचं नुकसान करत होतो. ज्या डावाने मी पडलो असं तिला वाटलं त्या डावाने मी पडलोच नव्हतो. त्यानंतर आम्ही बेताने, पण खरं मारायला लागलो. तिला लागलं, आम्हालाही लागलं, आणि चार महिन्यांत ती आमच्यातल्या दोघांना पुरून उरली.

चौथा धडा लाजिरवाणा आहे, पण सांगतो. पट्ट्याच्या परीक्षेआधी शायनिंग मारायची म्हणून मी एका नवीन, किरकोळ पोराला लाथ घातली. त्याची बरगडी दुखावली, तो तीन आठवडे आला नाही. मला कुणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी कुणी जोडी लावेना. पंधरा दिवस मी गच्चीच्या कोपऱ्यात एकटा हवेत हातपाय मारत होतो. मग शहाणपण सुचलं: ज्याच्यावर शिकायचं त्यालाच मोडलं तर शिकणार कुणावर? त्या पोराच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हा कुठे गॅरेजवाल्याने पुन्हा माझ्यासमोर हात उचलला.

म्हणजे बघा, जोडीदाराला खोटं मारायचं नाही आणि मोडेल असंही मारायचं नाही. या दोन्हींच्या मधे जी बारीक पट्टी आहे तिच्यावर रोज उभं राहता येणं, म्हणजे आमचं शिक्षण. त्याला कुठला रंग देणार?

आता रंगांकडे येऊ. लोकांना वाटतं की पट्टे म्हणजे शाओलिन मठातली हजार वर्षांची परंपरा. कप्पाळ! काळा पट्टा जपानच्या ज्युडोतला. जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात आपल्या शिष्यांना दर्जे द्यायला सुरुवात केली, त्यातून तो आला. मधले रंगीबेरंगी पट्टे त्यानंतर युरोपात रुळले. चीनमधल्या जुन्या कुंग फूत रंगीत पट्ट्यांची भानगडच नव्हती. चिनी सरकारी वुशू संघटनेने दर्जांची पद्धत आणली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस. मजा म्हणजे ज्या कानोंचे पट्टे आपण उचलले त्यांच्या ज्युडोचा पाया रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी झटापट. आणि त्यांचं एक ब्रीद असं की आपलं आणि समोरच्याचं भलं बरोबरच होतं. आपण पट्टा तेवढा घेतला, जोडीदार सोडून दिला. नारळ फेकून करवंटी घरी आणली.

दुसरी गोष्ट बोधिधर्माची. "आपल्या भारतातला राजपुत्र चीनला गेला आणि त्याने शाओलिनच्या भिक्षूंना कुंग फू शिकवलं." प्रत्येक क्लासच्या भिंतीवर हे लावलेलं असतं, आमच्याही होतं, आणि आमची छाती फुगायची. ही कथा ज्या यीजिन जिंग नावाच्या ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी आलेला. तांग हाव या चिनी इतिहासकाराने विसाव्या शतकातच तिचा फोलपणा दाखवून दिला. पण ही गोष्ट क्लासवाल्यांना सोयीची आहे. परंपरा इतकी थोर म्हटल्यावर "सर, आम्ही एकमेकांशी लढणार कधी?" असं विचारायची कुणाची छाती होत नाही.

आणि नुसती परंपरा काय करते ते चीननेच २०१७ मधे पाहिलं. शू शिआओदोंग नावाच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सवाल्याने एका थाय ची मास्टरला खुलं आव्हान दिलं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मास्टर जमिनीवर. व्हिडिओ जगभर फिरला. थाय ची वाईट असतं म्हणून हे झालं नाही. बरीच वर्षं समोर खरा हात आला नव्हता म्हणून झालं. पुढे काय झालं? शूवरच राग निघाला, त्याची समाजमाध्यमांवरची खाती बंद झाली. चूक दाखवणाऱ्याला हाकलणं सगळीकडे सोपं असतं. आमच्या क्षेत्रात त्याला "टीम प्लेयर नाही" म्हणतात :-)

खुद्द ब्रूस ली काय म्हणायचा? नुसत्या ठरीव हालचाली घोटत बसणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकणं. तो हाँगकाँगमधे इप मान यांच्याकडे विंग चुन शिकला हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला बरंचसं घडवलं ते इप मान यांच्याच एका ज्येष्ठ शिष्याने, वोंग शुन लेउंग यांनी. हे गृहस्थ गच्च्यांवरच्या आव्हानाच्या लढतींसाठी प्रसिद्ध होते. (गच्चीचं वाचून मला किती आनंद झाला असेल!) विंग चुनमधला ची साव हा सरावही दोघांनी मिळून, हाताला हात चिकटवून करायचा. आणि चिनी भाषेत गुरूला सिफू म्हणतात तसं थोरल्या गुरुबंधूला सिहिंग, धाकट्याला सिदाई. अख्खं कुटुंब आहे. आपल्याकडच्या क्लासांनी त्या कुटुंबातला फक्त बाप आणला, फी घेणारा. भाऊबहिणी आणल्याच नाहीत.

बरं, हे कळायला चीनला जायचीही गरज नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, १९७० ला एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. नंतर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत राहिले. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा. २०११ ला मामा गेले, पुढे राहुलला काका पवारांनी घडवलं, आणि २०१८ ला त्यानेही राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. कुठल्याही तालमीत जाऊन बघा. जोर-बैठका एकट्याच्या, पण खरी मेहनत मातीत, जोडीने. पैलवान कुस्तीआधी एकमेकांच्या अंगाला माती लावतात. त्याचं कारण काय? घामाने अंग निसटू नये, पकड बसावी. म्हणजे तू मला पकडू शकशील याची सोय मीच करतो. यापेक्षा मोठी गुरुपौर्णिमा मला माहीत नाही. आणि लातुरात, जिथे हे सगळं एका एस.टी.च्या अंतरावर आहे, तिथे आपण चाळीस पोरांना रांगेत उभं करून हवा मारायला शिकवतोय.

इथे मला लातूरबद्दल अजून थोडं बोललं पाहिजे. भावाला हेच जास्त झोंबणार.

मी अकरावी-बारावी लातूरला केली. भूकंप होऊन दोनेक वर्षं झाली होती. लातूर पॅटर्नचा तेव्हा दबदबा होता, आणि त्याचं श्रेय मी नाकारत नाही. घोटून घेणं, परीक्षेवर परीक्षा, चुकलेलं पुन्हा, यामुळे औसा-निलंग्याच्या खेड्यातली पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, मीही त्यातलाच. पण आमच्या खोलीत पाच जण होतो आणि पाचही जण आपापले प्रश्नसंच गादीखाली लपवायचो. एकाला भौतिकशास्त्राचा एक चांगला संच मिळाला होता, तो तो रात्री पांघरुणात टॉर्च लावून सोडवायचा. मीही लपवले, साळसूदपणाचा आव आणत नाही. शेजारचा पोरगा म्हणजे एका जागेवर बसलेला एक दावेदार, एवढंच आमचं नातं. दोन वर्षं एका ताटात जेवलो, आणि आज त्या चौघांपैकी एकाचाही नंबर माझ्याकडे नाही. गच्चीवरच्या गॅरेजवाल्याचा आहे.

तीच सवय आपण आता खेळातही नेली. प्रमाणपत्र हवं, कारण दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. (गल्लीतल्या क्लासच्या पट्ट्यावर यातलं काहीच मिळत नाही, पण पालकांना हे कोण सांगणार?) सोयी योग्यच आहेत, खऱ्या खेळाडूंसाठी. पण कागदाला भाव आला की कागदाचे कारखाने निघतात. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात निघालीच की. आणि २०२४ च्या नीट घोटाळ्याच्या तपासात लातूरचं नाव देशभर गेलं, तेव्हा आपल्याला किती वाईट वाटलं! वाटायलाच पाहिजे. पण घोटाळेबाज आभाळातून पडत नाहीत. निकाल महत्त्वाचा, कसा आला ते नाही, हे आपण पोरांना पाचवीपासून शिकवतो.

आता आक्षेप.

"लहान पोरांना मारामारी शिकवायची का?" मारामारी नाही हो. हातमोजे, डोक्याला टोप, दातांत गार्ड, वजन-वय बघून जोडी, आणि सुरुवातीला नुसती ढकलाढकली. कबड्डीत पोरं यापेक्षा जास्त खरचटतात, तेव्हा कुणी काही म्हणत नाही.

"पण आत्मविश्वास तरी वाढतो ना?" हाच तर धोका आहे! न तपासलेला आत्मविश्वास. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट लिहिल्या की सगळ्या टेस्ट हिरव्या येतात, कारण त्याला जे सुचलं नाही ते त्याच्या टेस्टलाही सुचत नाही. मग शुक्रवारी रात्री प्रॉडक्शनवर खरा गिऱ्हाईक येतो आणि नाकावर देतो. म्हणून दुसऱ्याने कोड वाचायचा असतो, आणि वाचणाऱ्याने "छान आहे" म्हणून माश्या हाकलायच्या नसतात. रांगेत हवेत मारलेला ठोसा म्हणजे आपणच लिहिलेली टेस्ट. घाबरणारी मुलगी निदान वेळेवर पळेल, ओरडेल, ११२ फिरवेल. "मला कुणाची भीती नाही" वाटणारी, डोळे मिटणारी मुलगी उभी राहील. मला ती उभी राहिलेली चालणार नाही.

"मग काय, क्लास बंद करायचा?" नाही. क्लासला जाऊन चार प्रश्न विचारायचे. मुलं एकमेकांशी खरा सराव करतात का, आठवड्यातून किती दिवस? जुनी मुलं नव्या मुलांना शिकवतात का? शेवटचं कुणाला लागलं आणि तेव्हा काय केलं? पट्टा न देता परत पाठवलेलं एक तरी पोर आहे का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर "नाही" आलं तर ती परीक्षा नव्हे, दुकान आहे. उत्तरं पटली नाहीत तर सरळ तालमीत, ज्युडोत, बॉक्सिंगमधे घाला, जिथे समोर माणूस असतो. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थही लढाई नाहीच. वेळ आणि मेहनत घालून कमावलेलं कसब, एवढाच आहे. भाकरी थापणाऱ्या माझ्या आजीकडे कुंग फू होतं. दीड वर्षात सहा पट्टे म्हणजे कुंग फू नाही.

असो. भाऊ अजून बोलत नाहीये. पण बुधवारी रात्री पुतणीचा फोन आला. "काका, तुमचं म्हणणं आईला पटलंय थोडंसं." मी तिला एवढंच सांगितलं की क्लासमधली एखादी मैत्रीण धर, दोन जाड मोजे घाला, अंगणात उभ्या राहा, आणि एकमेकींच्या खांद्याला हात लावायचा प्रयत्न करा. फक्त खांद्याला. लागल्यावर काय दिसलं ते एकमेकींना खरं सांगायचं.

काल संध्याकाळी मेसेज आला: "आज तिने मला नऊ वेळा मारलं. मी तिला दोन वेळा. ती म्हणाली की मी डोळे मिटते."

अभिनंदन, मी लिहिलं. या वेळी मनापासून.